एमीची दया आणि आमची क्षमा

एमी ग्रँट माझ्याच वयाची, १९६० सालची. ती अमेरिकेत नॅशव्हिलला वाढली, मी बेळगावात. तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो कॅम्पातल्या एका कॉलेजमैत्रिणीच्या घरी. 'एज टू एज' ही १९८२ सालची कॅसेट, तिच्या काकांनी आखातातून आणलेली. त्यात 'एल शडाय' नावाचं गाणं आहे. मधले हिब्रू शब्द काही कळत नव्हते, तरी अंगावर काटा आला. आता णमोकार मंत्रातली प्राकृत तरी लहानपणी आपल्याला कुठे कळत होती? घरी आणून लावली तर आई म्हणाली, "किरिस्तावांची गाणी कशाला गं?" मी म्हटलं, "आवाज तर ऐक." पुढे भाजी निवडायला बसली की तीच म्हणायची, "तुझ्या त्या बाईचं लाव."

त्या बाईचा एक अल्बम २०१३ च्या मे महिन्यात आला. 'हाऊ मर्सी लुक्स फ्रॉम हिअर'. सगळी नवी गाणी असलेला अल्बम दहा वर्षांनी. अमेरिकेतून येताना भाच्याने आणला आणि तेव्हापासून दुपारी स्वयंपाकघर आवरलं की तोच चालू असतो.

मर्सी म्हणजे दया, करुणा, कृपा, सगळंच. आपल्याला दया माहीत आहे, ती आपण जीवमात्रांवर करतो. क्षमा माहीत आहे, ती एकमेकांत मागतो आणि देतो. पण वरून उतरणारी कृपा? आपले तीर्थंकर वीतरागी. ते देत नाहीत, रागावत नाहीत, माफही करत नाहीत. कर्म ज्याचं त्याने झिजवायचं. त्यामुळे 'डोन्ट ट्राय सो हार्ड' ऐकून मी आधी चिडलेच. देवाचं प्रेम कमवावं लागत नाही, ते मिळालेलंच आहे, इतकी धडपड कशाला, असा त्याचा भाव. मग आमचे उपवास, नियम, सामायिक हे सगळं उगाच म्हणायचं का? जेम्स टेलर मागे इतक्या हळू आवाजात गातो की भांडायलाही जागा राहत नाही. अजूनही त्या गाण्याचं म्हणणं मला मान्य नाही. पण दिवसभर सगळ्यांचं करून रात्री "आपलं काहीच नीट झालं नाही" असं वाटत असलेली बाई ते गाणं मधेच बंद करणार नाही, हेही खरं.

अल्बममध्ये पाहुणे जरा जास्त झालेत. कॅरोल किंगबरोबरचं 'अवर टाइम इज नाऊ' मला घोषणेसारखं वाटतं, मी ते सोडून पुढे जाते. तिला एकटीला गाऊ द्यायचं होतं. वयाने आवाज थोडा जाड झालाय, वरच्या सुरांत पूर्वीची सहजता नाही, पण शब्द आता जड पडतात, म्हणजे चांगल्या अर्थाने. आई-वडील दोघांनाही विस्मृतीचा आजार. आई २०११ मध्ये गेली. जाण्यापूर्वी आईने सांगितलं होतं म्हणे, की ज्याला काही अर्थ आहे असं गा. 'शव्हल इन हँड' ऐकताना ते पटतं. कोवळ्या वयाचा मुलगा मित्राच्या कबरीवर फावड्याने माती लोटतोय आणि त्याची आई बघतेय. देवाचं नाव घेऊन त्यावर फुंकर घालायची घाई ती करत नाही. भक्तिगीतांत असं धाडस क्वचित दिसतं, आपल्याकडच्या तर नाहीच नाही.

माझं मन मात्र अडकलं 'बेटर नॉट टू नो'मध्ये. फळझाडं लावताना पुढे काय सोसावं लागेल हे माहीत नव्हतं, तेच बरं, असं काहीसं ते गाणं. सोबत विन्स गिल, तिचा नवरा. इथे थोडं मागचं सांगायला हवं. १९९१ साली 'बेबी बेबी' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं तेव्हा तिच्याच लोकांनी नाकं मुरडली. गाणं सुचलं होतं आपल्या तान्ह्या मुलीवरून, पण व्हिडिओत एक देखणा तरुण होता ना! मग १९९९ मध्ये घटस्फोट, २००० मध्ये विन्सशी लग्न. काही ख्रिस्ती रेडिओ केंद्रांनी तिची गाणी लावणंच थांबवलं. जिच्या गाण्यांवर प्रार्थना शिकले, तिलाच दाराबाहेर ठेवलं.

तेव्हा मी इथे बसून म्हटलं होतं, काय लोक आहेत! आणि त्याच सुमाराला आमच्या महिला मंडळात काय चाललं होतं? आमच्यात एकजण होती. दशलक्षण पर्वात तिने पद म्हटलं की बस्तीत टाचणी पडली तरी ऐकू यावी. तिने नवऱ्याला सोडलं, दोन वर्षांनी दुसरं लग्न केलं, तेही जातीबाहेर. कुणी तिला "येऊ नको" म्हटलं नाही. फक्त निरोप जायचा बंद झाला. निरोपांची यादी कोण करायचं? मीच करत होते. तिचं नाव मी खोडलं नाही, नव्या वहीत उतरवलंच नाही एवढंच. दरवर्षी क्षमावाणीला हात जोडून शंभर जणींना मी 'उत्तम क्षमा' म्हणते. त्या शंभरांत ती नसते.

म्हणून त्या गाण्यात दोघांचे पिकलेले आवाज एकत्र आले की मला नुसतं गोड वाटत नाही. एमी कुठेही खुलासा देत नाही, माफीही मागत नाही. नवऱ्याला शेजारी उभं करून गाते, बस. समीक्षक याला साधं युगुलगीत म्हणतील. मला ते अल्बममधलं सगळ्यात निर्भय गाणं वाटतं.

ती आमची गाणारी इंग्रजी गाणी ऐकत नसे, पण चालीचं तिला चटकन कळायचं. हे गाणं तिला ऐकवायचं आहे. आता ती टिळकवाडीत राहते एवढंच ठाऊक आहे. पर्व संपायच्या आत पत्ता काढायला हवा.