विषम वॉशिंग्टनला, सम न्यूयॉर्कला

आता जेकब लॉरेन्सच्या स्थलांतर-मालिकेकडे वळू. पहिल्या महायुद्धापासून लाखो कृष्णवर्णीय माणसं अमेरिकेचा दक्षिण भाग सोडून उत्तरेतल्या शहरांकडे निघाली. लॉरेन्सचे आईवडीलही त्यांतलेच. तो स्वतः किशोरवयात हार्लेमला आला. तिथल्या ग्रंथालयात बसून त्याने या स्थलांतराचा अभ्यास केला आणि १९४१ साली, वयाच्या २३व्या वर्षी, ६० चित्रं पूर्ण केली.

चित्रं लहानच, १२ बाय १८ इंचांची. पण काम करण्याची रीत बघा. एक चित्र संपवून दुसरं हातात घ्यायचं, असं त्याने केलं नाही. सगळे फलक एकदम मांडले, एक रंग घेतला, तो जिथं जिथं हवा तिथं लावला. मग पुढचा रंग. त्यामुळे एका चित्रातला लाल दुसऱ्यात जसाच्या तसा भेटतो. त्याच्या लेखी ही ६० चित्रं म्हणजे एकच कृती होती.

आणि झालं काय? दोन संग्रहालयांनी ती वाटून घेतली. विषम क्रमांक वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनला, सम क्रमांक न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला. अगदी समसमान वाटणी, भांडणाला जागाच नाही! त्या काळी एका कृष्णवर्णीय तरुणाचं काम अशा संस्थांनी घेणं ही लहान गोष्ट नव्हती, हे मान्य. पण किंमत मोजली ती चित्रांनी.

पंधरावं चित्र घ्या. विषय लिंचिंगचा, म्हणजे जमावाने केलेल्या हत्येचा. एक फांदी, तिला रिकामा फास, खाली खडकावर अंग आवळून बसलेलं कुणीतरी. प्रेत नाही. अशा हत्यांचे फोटो तेव्हा पोस्टकार्डं म्हणून विकले जात. प्रेत हाच बघ्यांचा तमाशा होता. लॉरेन्स बघ्यांना नेमकं तेच नाकारतो, असं मी मानतो. सोळाव्या चित्रात घरात टेबलाशी एकटी, वाकून बसलेली बाई. आधीचं चित्र डोळ्यांत असेल, तर ती कशाने खचलीय हे सांगावं लागत नाही. नसेल, तर कामाने दमलेली एक बाई, एवढंच उरतं. आणि पंधरा वॉशिंग्टनला, सोळा न्यूयॉर्कला!

मधूनमधून साठही एकत्र येतात, २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये आली होती. मग पुन्हा आपापल्या भिंतींवर.

पडद्यावर पंधरा आणि सोळा शेजारीशेजारी लावतोय. खालच्या ओळी मुद्दाम झाकल्यात. आधी नुसतं बघा, मग बोलू.