नावाआधीची वाणी : पहारेकऱ्याचे गौण पात्र

गौण पात्राला नाव लाभले की व्यक्तित्वही लाभते, असे समीक्षेत सहसा गृहीत धरले जाते. पहारेकऱ्याचे पात्र हे गृहीतक तपासण्यास उपयुक्त ठरते. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या सहाव्या अंकाच्या प्रवेशकात सूचक व जानुक हे रक्षक अंगठीच्या चोरीच्या आरोपावरून धीवराला पकडून आणतात. त्यांना नावे आहेत, प्राकृत बोली आहे. धीवराने बक्षिसातील अर्धा वाटा पुढे करताच हेवा ओसरून मैत्रीही जुळते. रायपूरला जन्मलेल्या हबीब तन्वीर यांच्या ‘चरणदास चोर’मधील (१९७५) हवालदार केवळ हुद्द्याने ओळखला जातो, तरीही छत्तीसगढी बोलीमुळे तो जिवंत माणूस ठरतो. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मधील (१९८३) जब्बाच्या महालातील वराहमुखी गामोरियन पहारेकऱ्यांजवळ मात्र निव्वळ घुरघुर आहे. त्यांपैकी एक ल्यूकसोबत रँकॉरच्या विवरात कोसळतो व गिळला जातो. दरबार तो खेळ म्हणून पाहतो. ‘जुबनक’ हे त्याचे नाव पुढे चित्रपटाबाहेरील पूरक साहित्यातून आले. त्यामुळे संग्राहकाची सोय झाली. मृत्यूला अर्थ लाभला नाही. तात्पर्य, परिघावरील पात्राचे माणूसपण नावावर नव्हे, तर कलाकृतीने त्याला दिलेल्या वाणीवर अवलंबून असते.