हजेरी, अवधान आणि वैद्यकाचा विद्यार्थी

या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांमध्ये वैद्यकीय महाविद्यालयातले विद्यार्थी आणि त्यांचे आईवडील बरेच आहेत, असं प्रश्नांवरून दिसतं. प्रश्न फिरून फिरून एकच येतो : तासांना बसणं सक्तीचं आहे, मग अभ्यास करायचा कधी? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. नावाआधी 'डॉक्टर' लागतं, पण ते औषध न देणारं. तेव्हा अ‍ॅनाटॉमी लक्षात कशी ठेवावी, हे आम्ही सांगणार नाही. मात्र वेळ, उपस्थिती आणि लक्ष या कल्पना आमच्या प्रांतातल्या आहेत, आणि हजेरीचा नियम याच कल्पनांवर उभा आहे. आज त्या नियमाची चिकित्सा करू.

आधी नियम नीट समजून घेऊ. आपल्याकडे एमबीबीएसच्या परीक्षेला बसायचं तर थिअरीच्या तासांना किमान ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना किमान ८० टक्के हजेरी लागते. २०१९ साली जो नवा, क्षमताधारित अभ्यासक्रम आला, त्यात पहिल्या वर्षाच्या अ‍ॅनाटॉमीला एकूण ६७५ तास दिले होते. त्यांपैकी २२० तास व्याख्यानांचे, ४१५ तास प्रात्यक्षिकांचे आणि छोट्या गटात शिकण्याचे, आणि ४० तास विद्यार्थ्याने स्वतः दिशा ठरवून शिकण्याचे. म्हणजे व्याख्यानं एक तृतीयांशाच्या आत बसवली होती. ही चांगलीच गोष्ट झाली. पण शेवटचा आकडा पाहा. शंभरातले जेमतेम सहा तास विद्यार्थ्याच्या हातात. बाकीचा अभ्यास त्याने वेळापत्रकाच्या बाहेर, संध्याकाळी आणि रात्री करायचा, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. ते गृहीत धरलेलं आहे.

आता आमचा पहिला प्रश्न. हा नियम मोजतो काय? तो मोजतो शरीर. अमुक वाजता अमुक खोलीत अमुक देह होता, एवढंच नोंदवहीला कळतं, अंगठ्याच्या यंत्रालाही तेवढंच कळतं. आपल्या नैयायिकांनी याचा फार बारकाईने विचार करून ठेवला आहे. कान आहेत, आवाजही आहे, तरी ऐकू येईलच असं नाही. मन त्या कानाशी जोडलेलं असावं लागतं. आणि मन अणु आहे, एका वेळी ते एकाच ठिकाणी जाऊ शकतं, असं त्यांचं म्हणणं. मागच्या बाकावर बसून एका कानाने फिजिऑलॉजीचा तास ऐकणारा आणि बाकाखालच्या मोबाइलवर भलत्याच विषयाचे प्रश्न सोडवणारा विद्यार्थी आपल्याला वाटतं की दोन कामं करतो आहे. न्यायशास्त्र त्याला सांगेल, बाबा रे, तू एकही धड करत नाहीस. त्याचा हा तास हजेरीत जमा होतो आणि अभ्यासात मात्र धरता येत नाही. वेळेची खरी गळती इथे आहे.

पण चिकित्सा म्हणजे एका बाजूचं वकीलपत्र नव्हे. दुसरी बाजूही तितक्याच जोराने मांडली पाहिजे. मायकेल पोलानी हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. हा तत्त्वज्ञ मुळात वैद्यकाचा पदवीधर. १९५८ साली आलेल्या त्याच्या 'पर्सनल नॉलेज' या ग्रंथात छातीचा एक्स-रे वाचायला शिकणाऱ्या विद्यार्थ्याचं उदाहरण आहे. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर सावल्या दिसतात, तज्ज्ञ त्यांच्याबद्दल बोलत असतो, आणि या मुलाला फासळ्यांपलीकडे काही दिसतच नाही. त्याला वाटतं, हे लोक मनचंच काहीतरी सांगताहेत. पण तो काही आठवडे पाहत राहतो, ऐकत राहतो, वेगवेगळे रुग्ण समोर येतात, आणि हळूहळू फासळ्या मागे पडून त्याला फुप्फुसं दिसू लागतात. हे ज्ञान पुस्तकातून पूर्ण उचलता येत नाही. जाणत्याच्या शेजारी उभं राहूनच ते येतं. पोटावर हात ठेवून यकृताची कड चाचपणं असो, स्टेथोस्कोपमधून हृदयातला मर्मर ओळखणं असो किंवा वाईट बातमी नातेवाइकांना सांगणं असो, इथे उपस्थिती हाच अभ्यास आहे. म्हणून प्रात्यक्षिकांच्या ८० टक्क्यांबद्दल आमची काही तक्रार नाही. उद्या ज्याच्या हाती रुग्ण द्यायचा, त्याने वॉर्डात उभं राहिलंच पाहिजे.

व्याख्यानाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. मराठी माध्यमातून, लहान गावातून आलेल्या मुलीसमोर पहिल्या महिन्यात इंग्रजीचा जाडजूड ग्रंथ येतो. त्यात कुठे बोट ठेवायचं, काय सोडायचं, हे तिला वर्गात उभा असलेला शिक्षकच सांगतो. हजेरी पूर्ण ऐच्छिक करा असं म्हणणाऱ्यांमध्ये, ज्यांच्या घरात आधीच डॉक्टर आहेत त्यांचा आवाज मोठा असतो, हेही विसरू नये.

मग आमचा आक्षेप नेमका कशाला आहे? नियम दोन वेगळ्या प्रकारच्या वेळांना एकाच मापाने मोजतो, याला. आपल्या परंपरेने ज्ञानाच्या तीन पायऱ्या सांगितल्या : श्रवण, मनन, निदिध्यासन. आधी ऐकणं, मग त्यावर स्वतःशी विचार करणं, मग ते अंगात मुरवणं. श्रवणाला दुसरा माणूस लागतो. मननाला एकांत लागतो. थिअरीच्या वेळापत्रकात श्रवणाला रकाने आहेत, हजेरी आहे, शिक्षा आहे. मननाच्या वाट्याला दिवसभराच्या दमणुकीनंतरची रात्र येते. सकाळचं व्याख्यान, मग डिसेक्शन हॉल, मग लॅब, आणि मग हॉस्टेलवरच्या मेसची रांग किंवा लोकलची गर्दी. अशा विद्यार्थ्याला 'वेळेचं नियोजन कर' म्हणून सांगणं म्हणजे रिकाम्या पाकिटाला काटकसर शिकवणं आहे.

आणि मननाशिवाय श्रवण टिकत नाही, हे आता प्रयोगांनीही दाखवलं आहे. हर्मान एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून विस्मरणाचा वेग मोजला : पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने पुसलं जातं, उरलेलं मग सावकाश. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. यातली गंमत लक्षात घ्या. जे लगेच सोपं वाटतं तेच खरं शिकणं, असा आपला समज असतो, आणि रात्री दोन वाजेपर्यंत तीच पानं पिवळ्या मार्करने रंगवणारा विद्यार्थी त्या समजाचा बळी असतो.

तेव्हा विद्यार्थ्यांसाठी आमचं म्हणणं थोडक्यात असं. तास टळणार नसेल तर तो आपला करून घ्या. जाण्याआधी दहा मिनिटं विषयाची चित्रं आणि मथळे चाळा, म्हणजे कान कशासाठी उघडे ठेवायचे ते कळेल. तासात प्रत्येक शब्द उतरवण्याच्या मागे लागू नका. तास संपला की वही मिटून, आठवतील ते चार मुद्दे लिहा. याला पाच मिनिटं पुरतात. संध्याकाळी सगळं पुन्हा वाचू नका, जे आठवलं नाही तेवढंच उघडा. आणि झोप विकू नका. तिच्या बदल्यात मिळालेली रात्र दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या तासाला व्याजासकट परत द्यावी लागते. ती २५ टक्क्यांची सूटही जपून वापरा. २०१९ च्या अभ्यासक्रमातल्या अ‍ॅनाटॉमीच्या २२० व्याख्यानांत ती ५५ तासांची होती. पण आजारपण आणि घरचे प्रसंग त्यातच भागवायचे असतात. पहिल्या दोन महिन्यांत ती उधळली तर टर्म ग्रँट होण्याच्या वेळी दारोदार हिंडावं लागतं.

आता जरा कठीण भागाकडे येऊ. प्रॉक्सी. 'तास निरुपयोगी होता, मित्राने माझी सही केली, कुणाचं काय बिघडलं?' असा युक्तिवाद केला जातो. तो इतका निरुपद्रवी नाही. न झालेली गोष्ट झाली म्हणून कागदावर लिहायची, ही सवय आहे. उद्या हाच हात रात्रीच्या ड्यूटीवर केसपेपरवर रक्तदाबाचा आकडा लिहिणार आहे. तपासून लिहिलेला १२०/८० आणि न तपासता लिहिलेला १२०/८० कागदावर अगदी सारखे दिसतात. फरक फक्त लिहिणाऱ्याला माहीत असतो, आणि कधीकधी रुग्णाला तो जीव देऊन कळतो. म्हणून नियम चुकीचा वाटला तर त्याच्याविरुद्ध बोला, अर्ज करा, खोटी सही मात्र करू नका.

पण हेच वाक्य आम्ही उलटून संस्थांनाही ऐकवू. जो नियम मन नसलेला देह चालवून घेतो, तो नियमच खोट्या नोंदीची पहिली शाळा उघडतो. कागदावर शिकणं झालं, प्रत्यक्षात झालं नाही. ही संस्थेने विद्यार्थ्याच्या नावावर लावलेली प्रॉक्सीच नाही का?

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे एक गोष्ट मागतात : अवधान. ते मागतात, वसूल करत नाहीत. आणि त्याच्या बदल्यात सुखाची हमी देतात. शिक्षकाचं काम हे असं दुहेरी आहे. अवधान मागायचं, आणि ते देण्यासारखं काही समोर ठेवायचं. पाठ्यपुस्तकातला मजकूर स्लाइडवर चिकटवून वाचून दाखवणाऱ्याला मागायचा हक्क थोडा कमी पोचतो.

एक सूचना करून थांबतो. व्याख्यानाची शेवटची पाच मिनिटं राखून ठेवावीत. शिक्षकांनी त्या दिवशीच्या विषयावर तीन छोटे प्रश्न विचारावेत. विद्यार्थ्यांनी वही मिटून, कागदाच्या चिठ्ठीवर नाव घालून उत्तरं लिहावीत. उत्तर चुकलं तरी हरकत नाही, गुण द्यायचे नाहीत. ती चिठ्ठी हीच हजेरी धरावी. नियमाचे ७५ टक्के त्यातून मोजता येतील, आठवून लिहिण्याचा लाभ विद्यार्थ्याला तिथल्या तिथे मिळेल, आणि वर्गाला काय कळलं नाही ते शिक्षकांना त्याच दुपारी समजेल. याला यंत्र लागत नाही, निधी लागत नाही. एखाद्या विभागाने एका सत्रापुरतं करून पाहावं. आज ऐकणाऱ्यांत वैद्यकाचे प्राध्यापकही असतील. यात काय अडचणी येतील, ते त्यांनी प्रश्नोत्तरांत जरूर सांगावं. आम्हाला ऐकायचं आहे.