मारबत बदलावी का?

जुने उत्सव शहरांनी काळाप्रमाणे बदलावेत का, असा आजचा विषय. आम्हाला हा प्रश्न थोडा वाकडा वाटतो. का, ते नागपूरच्या मारबतीवरून सांगतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, तिथे काळी आणि पिवळी मारबत निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे असतात. आता बघा, बडग्या दरवर्षी नवा. कधी महागाई, कधी भ्रष्टाचार. म्हणजे काळाप्रमाणे बदलण्याचं काम हा उत्सव स्वतःच करतो. त्यासाठी महापालिकेने समिती नेमायला नको. (नेमली तर पुढच्या वर्षी तिचाच बडग्या निघेल!)

अडतं ते काळ्या मारबतीपाशी. ही म्हणे बांकाबाई. दुसऱ्या रघूजी भोसल्यांची राणी, इंग्रजांना मिळाली म्हणून तिची ही धिंड. बांकाबाई निर्दोष होती असं आम्ही म्हणत नाही. १८५७ साली तिने इंग्रजांची बाजू सोडली नाही, हे खरंच आहे. पण तैनाती फौजेचा तह १८१६ साली केला तो आप्पासाहेबांनी. पुढे ते इंग्रजांशी लढले, म्हणून त्यांना ते माफ झालं. १८१८ नंतर गादीवर अल्पवयीन राजा आणि कारभार रेसिडेंट जेंकिन्सच्या हाती. एवढ्या सगळ्यांतून आगीत जायला बाईच तेवढी सापडली!

आपल्या आंजीकडच्या गावांत पोळ्याला दाराशी पळसाचे मेढे लावतात आणि पाडव्याच्या सकाळी 'घेऊन जा' असं ओरडत ते शिवेबाहेर टाकतात. ही मारबत खोकला नेते, रोगराई नेते. तिला कुठल्या राणीचं नाव लागत नाही, आणि त्यावाचून तिचं काही अडत नाही.

कोणी म्हणेल, बांकाबाई काढली तर इंग्रजांवरचा राग उरला कुठे? आक्षेप रास्त आहे. शहराने हरल्याची आठवण अशीच जपली, हे आम्हीही मानतो. पण रागासाठी बडगे आहेत ना! तिथे तो ज्याच्यावर काढायचा त्याचं नाव घेऊन, त्याच्या हयातीत काढता येतो. मेलेल्या बाईवर काढायला काय धाडस लागतं?

तेव्हा पुतळा, काळा रंग, मिरवणूक, दहन यांना हात लावू नका. ते घडवणाऱ्यांचं आहे. बदलायची ती माईकवरून आणि वर्तमानपत्रांतून दरवर्षी सांगितली जाणारी गोष्ट. निदान बांकाबाईच्या त्या ठरलेल्या वाक्याशेजारी १८१६ चा तह तरी छापा.