तिकडचं सरोवर, इकडचा फुगवटा

बारा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशावर लेख लिहिला होता. लेकीकडे मँचेस्टरला गेलो होतो, तिथून तीन दिवसांची सहल झाली होती. लेखात थर्लमिअर या सरोवराविषयी लिहिताना मी ‘माणसाचा हात न लागलेलं’ असे शब्द वापरले. लेखाचं कौतुक झालं, चार-दोन पत्रं आली, विषय संपला. गेल्या वर्षी पुन्हा मँचेस्टरला जाणं झालं. सकाळी चहाचं आधण ठेवताना जावई सहज म्हणाले, ‘‘बाबा, हे पाणी तुमच्या थर्लमिअरचंच बरं का.’’

चहा घेतला आणि वाचायला बसलो. मँचेस्टर महापालिकेनं १८७९मध्ये संसदेकडून कायदा करून घेतला, थर्लमिअरच्या तोंडाशी धरण बांधलं, पाण्याची पातळी सुमारे पन्नास फुटांनी वाढवली. १८९४मध्ये ते पाणी दीडशे किलोमीटरहून लांबच्या जलवाहिनीतून, एकही पंप न लावता, केवळ उतारानं शहरात आलं. काठच्या विथबर्न आणि आर्मबोथ या वस्त्या त्यात संपल्या. मी ज्याच्या काठावर उभा राहून निसर्गाचे आभार मानले होते, ते धरण होतं.

हे मला कळायला हवं होतं, कारण मी दौंडचा. माझं आजोळ उजनीच्या पाण्याखाली आहे. मी सात-आठ वर्षांचा असताना आजीनं घराचे वासे उतरवून बैलगाडीत घातले. आई आजही ‘आमचं गाव पाण्यात गेलं’ असंच म्हणते. मराठीत पैसे पाण्यात जातात, श्रम पाण्यात जातात. तिच्या वाक्यात दोन्ही अर्थ एकदम असतात. अशा आईच्या मुलाला परदेशात धरण ओळखू येऊ नये, हे कसं झालं असेल? तेव्हापासून मी मराठीतली इंग्लंडची प्रवासवर्णनं नव्यानं वाचतो आहे. माझं रीतसर शिक्षण बारावीपर्यंतचं, पुढचं सगळं वाचनालयांत. तेव्हा या मांडणीत कच्चे दुवे असतील. पण चूक माझ्या एकट्याची नव्हती, असं आता मला वाटतं.

सुरुवात शब्दांपासून करू. आपल्याकडे तळं असतं, तलाव असतो, बांध असतो, धरण असतं. बहात्तरच्या दुष्काळानंतर पाझर तलाव आला. धरणामागं पाणी तुंबतं त्याला सरकारी कागदात ‘फुगवटा’ म्हणतात, आता पर्यटनाच्या फलकांवर ‘बॅकवॉटर’. ‘सरोवर’ मात्र आपण मानस, पंपा, लोणार यांच्यासाठी राखून ठेवलेलं असतं. त्या शब्दात पावित्र्य आहे, पुराण आहे, आणि मुख्य म्हणजे त्यात पाटबंधारे खातं नाही. मराठी प्रवासी इंग्लंडला गेला की विंडरमिअर, अल्सवॉटर, डरवेंटवॉटर ही सगळी सरसकट ‘सरोवरं’ होतात. गंमत अशी, की त्या प्रदेशातल्या मोठ्या पाण्यांपैकी ‘लेक’ हा शब्द मूळ नावातच असलेलं एकच आहे, बॅसेनथ्वेट. बाकीची स्थानिकांच्या तोंडी ‘मिअर’ किंवा ‘वॉटर’, म्हणजे आपल्या ‘तळं’ आणि ‘पाणी’ यांच्या जवळची. शब्द निवडला की प्रश्नही निवडले जातात. सरोवराला कोणी विचारत नाही, तुझं पाणी कोणाला मिळतं आणि तुझ्याखाली कोण होतं.

दुसरं कारण वर्डस्वर्थ. डॅफोडिल कधी न पाहिलेल्या आपल्या पिढ्यांनी ती कविता शाळेत पाठ केली. केशवसुतांपासून मराठी कवितेवर इंग्रजी रोमँटिक कवींचा संस्कार झाला, निसर्गाकडे कसं पाहायचं ते आपण काही अंशी तिकडून शिकलो. त्यामुळे मराठी प्रवासी त्या काठावर पोचतो तेव्हा पाहायला नव्हे, पडताळायला पोचतो. ढग आहेत, डोंगर आहेत, पाण्यात प्रतिबिंब आहे, सगळं बरोबर आहे, अशी खूण करतो आणि परततो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’नं (१९६०) इंग्लंडकडे पाहण्याचा एक प्रसन्न डौल आपल्याला दिला, पण पुलंचं खरं लक्ष माणसांवर असतं. त्यांच्या मागून आलेल्यांनी अपूर्वाई तेवढी घेतली, माणसं वाटेत गळाली. माझ्या लेखात तर एकही माणूस नव्हता. एक मेंढी होती.

आणि हे वर्डस्वर्थवरही अन्यायाचं आहे. त्यानं या प्रदेशाची मार्गदर्शिका लिहिली होती. १८१०मध्ये ती एका चित्रसंग्रहाची प्रस्तावना म्हणून निनावी आली, पुढे स्वतंत्र पुस्तक होऊन १८३५पर्यंत वाढत गेली. त्यात तो वाचकाला दोन शिखरांमधल्या एका ढगावर उभं करतो आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या दऱ्या दाखवतो. मराठी प्रवासी त्या ढगावरून उतरलाच नाही. वर्डस्वर्थ मात्र उतरतो. त्या दऱ्यांतले छोटे स्वतंत्र शेतकरी, त्यांची घरं, घरोघरचं सूत कातणं, यंत्रं आल्यावर बुडालेला तो जोडधंदा, त्यापायी विकाव्या लागलेल्या जमिनी आणि त्या विकत घेणारे बाहेरचे श्रीमंत हे सगळं त्या पुस्तकात आहे. नव्या बंगल्यांच्या पांढऱ्या रंगावर तो चिडलेला आहे. शिरूर-दौंडच्या कुणाही शेतकऱ्याला हा मजकूर दिला, तर फार्महाऊसवाल्यांविषयीच बोलतोय असं तो म्हणेल.

त्याचे दोषही आपण घेतले नाहीत. १८४४मध्ये विंडरमिअरपर्यंत रेल्वे येणार म्हटल्यावर त्यानं वर्तमानपत्रात पत्रं लिहून विरोध केला. गिरण्यांतले मजूर झुंडीनं आले तर त्यांना या सौंदर्याचा काय उपयोग, असा त्याचा सूर होता. रेल्वे १८४७ला आलीच. मी स्वतः रेल्वे जंक्शनच्या गावचा असल्यानं इथं माझा थोडा पक्षपात होत असेल. पण डोंगर-पाणी ही साऱ्या राष्ट्राची ठेव आहे असं लिहिणाऱ्या कवीनं राष्ट्राला तिकीट मात्र नाकारावं, हे मला अजून पचलेलं नाही.

थर्लमिअरकडे परत येतो. त्या रस्त्यावर एक खडक होता. वर्डस्वर्थ, त्याची बहीण डोरोथी, कोलरिज आणि जवळच्या मंडळींनी त्यावर आपापली आद्याक्षरं कोरली होती. धरणाच्या कामात तो सुरुंगानं फुटला. कॅनन रॉन्स्ली या पाद्र्यानं त्याचे तुकडे गोळा केले, ते आज ग्रासमिअरला जपलेले आहेत. इंग्रजी कवितेच्या तीर्थक्षेत्रात धरणानं कवींची सहीसुद्धा ठेवली नाही, ही गोष्ट एखाद्या मराठी लेखात आली असती तर थर्लमिअर आपल्याला वेगळं दिसलं असतं.

या धरणाला मोठा विरोध झाला होता. जॉन रस्किन, ऑक्टेव्हिया हिल अशी माणसं त्यात होती. विरोध हरला, पण त्याच वर्तुळातून १८९५मध्ये नॅशनल ट्रस्ट उभा राहिला. आपल्या जिल्ह्यात १९२१मध्ये मुळशीला टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्याचे नेते. राजेंद्र व्होरांनी त्यावरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच त्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलं आहे. तारखा पाहिल्या तर थर्लमिअर चाळीस वर्षं आधीचं. तरीही व्होरांचं म्हणणं मला मोडीत काढावंसं वाटत नाही. थर्लमिअरला प्रामुख्यानं देखावा वाचवायचा होता, मुळशीला भातखाचरं. तिकडं लढणाऱ्यांतले बहुतेक त्या दरीत राहणारे नव्हते. इकडं ज्यांच्या घरात पाणी येणार तेच आडवे झाले. तिकडच्या पराभवातून निसर्ग जपणारी संस्था निघाली. इकडं विस्थापितांच्या पुढच्या लढ्यांची परंपरा निघाली, आणि पाण्याचं सौंदर्य हा विषयच आपल्या वाङ्मयातून हद्दपार झाला. ही फाळणी मला महत्त्वाची वाटते.

कादंबऱ्यांत ती स्पष्ट दिसते. थर्लमिअरनंतर मँचेस्टरनं हॉजवॉटरवर हात घातला. मार्डेल हे गाव त्यात बुडालं. १९३५च्या ऑगस्टमध्ये तिथल्या चर्चमध्ये शेवटची प्रार्थना झाली, थडगी उकरून अवशेष शेजारच्या शॅप गावी नेले. त्यावर सारा हॉलची ‘हॉजवॉटर’ (२००२) ही कादंबरी आहे. दरीतली शेतकऱ्याची मुलगी आणि धरणाचा प्रस्ताव घेऊन आलेला शहरी माणूस यांचं प्रेम, अशी तिची चौकट. आपल्याकडे विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ (१९९१) आहे, साहित्य अकादमीचा सन्मान मिळालेली. दोन्ही पाठोपाठ वाचल्या तेव्हा जाणवलं, की हॉल पाण्याचा रंग, धुकं, गवताचा वास सोडत नाही. पण गाव गेल्यावर माणसं कुठं राहिली, काय खाल्लं, यात तिला फारसा रस नाही. पाटलांची कादंबरी नेमकी तिथंच मुक्काम करते: मोबदला, पर्यायी जमीन, कचेऱ्यांचे खेटे, फुटत जाणारी माणसं. तिच्यात निवांतपणे पाणी पाहायला कुणाला फुरसत नाही, आणि ते योग्यही आहे. माझी तक्रार पाटलांविषयी नाही. ‘झाडाझडती’नंतर आपण समजून चाललो, की धरणाविषयी जे लिहायचं ते लिहून झालं. मग पाण्याचा पृष्ठभाग छायाचित्रकारांना दिला, तळ कार्यकर्त्यांना, आणि लेखक इंग्लंडला गेला.

याला मराठीत एक सणसणीत अपवाद आहे आणि तो आपण पक्ष्यांच्या कपाटात ठेवून दिला आहे. मारुती चितमपल्लींचं ‘नवेगावबांधचे दिवस’. नवेगावचं पाणी हा नावाप्रमाणे बांध आहे. माणसांनी घातलेला, पूर्व विदर्भात तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या कसबातून उभा राहिलेला. चितमपल्ली वनाधिकारी म्हणून तिथं राहिले. त्यांच्या लेखनात तो जलाशय मानवनिर्मित आहे म्हणून कमी सुंदर होत नाही आणि सुंदर आहे म्हणून बांधणारे पुसले जात नाहीत. पक्षी, मासे, पाणवनस्पती यांची नावं तिथल्या लोकांकडून येतात. काठावर फिरून आलेला माणूस असं लिहू शकत नाही. काठावर राहावं लागतं.

मग आपल्या शिरूर-दौंडचं काय? पाण्याची वाण इथं नाही. शिरूरच्या टाकळी हाजीसमोर, निघोजला, कुकडीनं खडकात रांजणखळगे कोरले आहेत. घोडवर चिंचणीचं धरण आहे. त्याच घोडच्या काठी इनामगाव. डेक्कन कॉलेजनं १९६८पासून तिथं उत्खनन केलं तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीचा पाट आणि बांध सापडला. पाणी अडवणं ही आपली इतकी जुनी खोड आहे. हीच घोड भीमेला मिळते आणि भीमा उजनीला. उजनी १९८०मध्ये पूर्ण झालं. साठा ११७ टीएमसी, त्यातला ६३हून अधिक ‘मृत’. उन्हाळ्यात वर्तमानपत्रं उणे टक्केवारी छापतात; २०२४मध्ये ती उणे पन्नासच्याही खाली गेली. पाणी ओसरलं की पळसनाथाचं जुनं मंदिर बाहेर येतं आणि शहरांतून गाड्या येतात. हॉजवॉटरलाही १९८४ आणि १९९५च्या अवर्षणात मार्डेलच्या भिंती वर आल्या, तिथंही अशीच गर्दी लोटली होती. पाण्याच्या रंगातही आता फार फरक नाही. पुणे-पिंपरीचं सांडपाणी पोटात घेऊन उजनी हिरवी होते. विंडरमिअरवरही अलीकडच्या उन्हाळ्यांत हिरवं शेवाळ धरतं आणि लोक सांडपाण्याविरुद्ध फलक घेऊन काठावर उभे राहतात.

भिगवणला रोहित पक्षी पाहायला दरवर्षी लोक येतात. मी आयुष्यभर तीस किलोमीटरांवर राहून एकदाही गेलो नव्हतो. आईला विचारलं होतं, येतेस का. ती म्हणाली, ‘‘तिथं काय बघायला जायचं? आपलं घरच हाय की खाली.’’

मँचेस्टरहून परतल्यावर मात्र मेमध्ये गेलो. नावाडी माझ्याच वयाचा, पूर्वी मासेमारी करणारा, आता हंगामात पर्यटकांना फिरवणारा. पक्षी बरेचसे परतीला लागले होते. त्यानं नेहमीच्या सवयीनं बोट दाखवत इंग्रजी नावं सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, पक्ष्यांचं राहू द्या, खाली काय आहे ते सांगा. त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, इंजिन बंद केलं. मग वल्ह्यानं दिशा दाखवत सांगू लागला: इथं मोट होती, तिथं चिंचेचा मळा, पलीकडं पांढरी, त्या खांबाच्या अंगाला गाडीवाट. गाव गेलं तेव्हा तोही लहानच होता. ही सगळी माहिती बापाकडून आलेली. जाळं कुठं अडकतं ते माहीत असावं लागतं म्हणून बापानं ती घोकून घेतली होती. बुडालेली विहीर म्हणजे फाटलेलं जाळं.

मी वही काढली. थर्लमिअरला मी वही काढली होती ती विशेषणांसाठी. त्या दिवशी सतरा नावं लिहून घेतली. घरी येऊन आईला वाचून दाखवली. तिनं दोन दुरुस्त केली, एक खोडायला लावलं, आणि चिंचेचा मळा कुणाचा होता त्यावरून मामाला फोन लावायला सांगितलं.