शेजाऱ्याच्या अंगावरचा गणवेश

लंडनच्या रस्त्यांवरून जर्मन सैनिक रमतगमत चालले आहेत. कुणी पार्लमेंटच्या परिसरात फोटो काढतंय, कुणी पोरींशी ओळख काढतंय, आणि इंग्रज मंडळी आपापल्या कामाला जाता-येता त्यांच्याकडे फारसं न बघता पुढे सरकताहेत. केव्हिन ब्राउनलो आणि अँड्र्यू मोलो यांच्या ‘इट हॅपन्ड हिअर’ या कृष्णधवल सिनेमातली ही दृश्यं बघताना आधी काही खटकतच नाही. सुटीवर आलेले शिपाई कुठल्याही शहरात असेच दिसतील. मग जरा वेळाने मनात येतं की अरे, हे तर कधी घडलंच नव्हतं. डंकर्कनंतर, १९४० च्या उन्हाळ्यात हिटलरचं सैन्य इंग्लंडात उतरलं असतं तर? एवढ्या एका ‘तर’वर सगळा डोलारा उभा आहे, आणि सिनेमा तो ‘तर’ कुठेही उच्चारत नाही. जे झालं ते सांगतो आहोत, अशा कोरड्या सुरात तो सुरू होतो.

पूर्णपणे काल्पनिकही म्हणता येणार नाही म्हणा. इंग्लिश खाडीतल्या चॅनेल बेटांवर १९४० ते १९४५ अशी पाच वर्षं जर्मनांचाच अंमल होता. ब्रिटिश हवालदार जर्मन अधिकाऱ्याच्या शेजारी अदबीने उभा आहे, असे तिथले खरे फोटो आहेत. ब्राउनलो-मोलोंनी त्या फोटोंतली अदब उचलली आणि लंडनच्या चौकात आणून ठेवली.

हा सिनेमा सुरू झाला १९५६ मध्ये. तेव्हा ब्राउनलो अठरा वर्षांचा होता आणि मोलो सोळा. एक जण लंडनच्या संकलन-खोल्यांत उमेदवारी करणारा, मूकपटांच्या रिळांमागे वेडा झालेला. दुसरा लष्करी गणवेश जमवण्याच्या नादी लागलेला शाळकरी वयाचा पोरगा. ब्राउनलोने आधीच थोडं चित्रण करून ठेवलं होतं. मोलोने ते पाहिलं आणि त्यातल्या चुका काढायला सुरुवात केली: हा कोट असा नसतो, हा पट्टा या हुद्द्याला नाही, ही खूण इथे येत नाही. सुरुवातीचं काम बाद करून दोघांनी नव्याने डाव मांडला. हौशी माणसाची ही एक गंमत असते. धंदेवाईक निर्माता म्हणाला असता, कोण बघतंय एवढं, चालवून घ्या. हौशी माणसाला चालवून घेता येत नाही, कारण त्याला दुसरा कुठलाच मोबदला मिळणार नसतो.

पुढे आठ वर्षं हे काम चाललं. शेकडो माणसं बिनपगारी आली. त्यात गणवेशांचे शौकीन होते, लंडनचे विज्ञानकथाप्रेमी होते. आधी १६ मिलिमीटरवर काम चाललं, नंतर ३५ वर. ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’च्या चित्रणातून उरलेली कोरी फिल्म स्टॅन्ली क्युब्रिकने दिली. काम अडलं तेव्हा टोनी रिचर्डसनने आपल्या वुडफॉल कंपनीतर्फे पैसे घातले आणि गाडी पुढे ढकलली. छायालेखक पीटर सुशित्स्की तेव्हा विशीतला पोरगाच होता. १९६४ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या महोत्सवात सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला आणि १९६६ मध्ये चित्रगृहांत लागला. ब्राउनलोने या सगळ्या खटाटोपावर १९६८ मध्ये एक पुस्तकही लिहिलं. हौशी मंडळींना ते नाउमेद करेल की पेटवेल, हे वाचणाऱ्याच्या प्रकृतीवर आहे.

हा सगळा इतिहास सांगायचा तो कौतुकासाठी नव्हे. पडद्यावर जे दिसतं त्याचं मूळ त्यात आहे. युद्धपटात गणवेश हा सहसा ओळखीचा शिक्का असतो; करडा दिसला की शत्रू, खाकी दिसला की आपला. इथे गणवेश ही सिनेमाची गोष्टच आहे. नायिका पॉलिन ही खेड्यात रुग्णसेवा करणारी परिचारिका. तिला राजकारणाशी देणंघेणं नाही. बंडखोरांच्या हालचालींमुळे गाव रिकामं करायचा हुकूम निघतो, गोळीबारात तिच्या ओळखीची माणसं मरतात, ती लंडनला येते. तिथे काम मिळवायचं तर एकच वाट आहे: जर्मनांच्या आशीर्वादाने चालणाऱ्या ब्रिटिश फॅसिस्ट संघटनेत नाव नोंदवायचं आणि त्यांचा गणवेश अंगावर चढवायचा. पॉलिनला वाटतं, आपण फक्त परिचारिका आहोत, आधी व्यवस्था सुरळीत होऊ दे, मग बाकीचं बघू. पॉलिन मरे या अभिनेत्रीने हे इतक्या साधेपणाने केलं आहे की तिचा राग येत नाही. ती नोकरीच्या गरजेपोटी गणवेश घेते, आणि तो इतका नीट शिवलेला, इतका खरा असतो की तिच्या अंगावर तो शोभतो. नेमकं हेच भयंकर आहे. नाटकाच्या पेटीतला झगा असता तर आपण मनातल्या मनात म्हणालो असतो, चला, सोंग आहे. मोलोच्या हट्टाने ती पळवाट बंद केली.

हीच युक्ती आवाजाच्या बाबतीतही आहे. सिनेमातल्या वार्तापटाला आणि रेडिओ-निवेदनाला बीबीसीच्या फ्रँक फिलिप्स आणि जॉन स्नॅग या निवेदकांचे आवाज आहेत. युद्धकाळात इंग्रज घराघरांत ज्या आवाजांनी धीर दिला, तेच आवाज इथे नव्या राजवटीची बातमी सांगतात. सिनेमातला एक खोटा वार्तापट तर मला संपूर्ण चित्रपटातला सर्वांत हुशार तुकडा वाटतो. १९१४ च्या नाताळात खंदकांतून बाहेर येऊन इंग्रज आणि जर्मन शिपायांनी एकमेकांशी हात मिळवले, ही खरी घटना तो घेतो आणि तिला दोन राष्ट्रांच्या ‘जुन्या मैत्रीचा’ पुरावा करून टाकतो. एकही तपशील बदलावा लागत नाही. बदलतो तो फक्त निवेदकाचा रोख. हे दृश्यही हौशी मंडळींनीच नव्याने उभं केलेलं, पण जुन्या फिल्मसारखं रापवलेलं. म्हणजे इतिहास हुबेहूब उभा करण्याच्या कलेने इतिहास किती सहज वाकवता येतो, हे त्या कलेत पारंगत पोरांनीच दाखवलं आहे. प्रचारपटाची नक्कल इतकी उत्तम साधते की क्षणभर आपणही मान डोलावतो.

आता सर्वांत वादग्रस्त दृश्याकडे यावं लागेल. संघटनेच्या विचारसरणीवर काही माणसं पॉलिनशी बोलत बसली आहेत. ती माणसं नट नाहीत. ब्राउनलोने इंग्लंडमधले खरेखुरे नवनाझी आणून बसवले आणि त्यांना स्वतःच्या शब्दांत बोलू दिलं. ज्यूंविषयी, दुबळ्यांना ‘संपवण्या’विषयी ते शांतपणे बोलतात, जणू पालिकेच्या नळजोडणीवर चर्चा चालली आहे. प्रदर्शनाच्या वेळी ज्यू संघटनांनी आक्षेप घेतला आणि वितरक युनायटेड आर्टिस्ट्सने हा भाग कापला. तो परत जोडला गेला नव्वदच्या दशकात. आक्षेप घेणाऱ्यांना दोष देता येत नाही. युद्ध संपून जेमतेम वीस वर्षं झाली होती, आणि छळछावण्यांतून वाचलेल्या माणसांनी हे विष पडद्यावरून, कुणी खोडून न काढता, का ऐकावं? तरीही कापलेली प्रत पाहिली की मधली एक कडी निखळलेली जाणवते. कारण पुढे पॉलिनची बदली खेड्यातल्या एका प्रसन्न, टापटिपीच्या रुग्णालयात होते, आणि क्षयाने आजारी परदेशी मजुरांना तिने स्वतःच्या हाताने दिलेली इंजेक्शनं जीव घेणारी होती, हे तिला नंतर कळतं. त्या खोलीतली गप्पांची बैठक आणि ही सुई, दोन्ही एकाच वाक्याचे भाग आहेत. पहिला भाग काढला की दुसरा नुसता धक्का उरतो.

सिनेमा निर्दोष नाही. मागाहून जोडलेले संवाद ओठांपासून सुटतात, काही स्वयंसेवक पाठ केलेलं म्हणून दाखवतात, आणि मध्ये कथा रेंगाळते. सबॅस्टियन शॉसारखा कसलेला नट डॉक्टर फ्लेचर म्हणून समोर आला की बाकीच्यांचं कच्चेपण उघडं पडतं. पण हे कच्चेपण कधीकधी पथ्यावरही पडतं. सराईत नट गणवेशात कसा उभा राहायचा ते जाणतो. हौशी माणूस अवघडतो, कॉलर चाचपतो. नव्या राजवटीत नवा कपडा मिळालेला कारकून तरी याहून वेगळा काय वागला असता?

शेवटाकडे अमेरिकी मदत पोचते, बंडखोर पुढे सरकतात, पॉलिन त्यांच्या हाती लागते आणि त्यांच्या जखमींची शुश्रूषा करू लागते. तिकडे, तिच्या कानांवर पडणार नाही इतक्या अंतरावर, शरण आलेल्या एसएसच्या सैनिकांना गोळ्या घातल्या जातात. ते सैनिक ब्रिटिश आहेत; जर्मन गणवेश घातलेले ब्रिटिश. फॅसिझम हटवायचा तर त्याचीच हत्यारं हाती घ्यावी लागतात, अशा अर्थाचं काही डॉक्टर फ्लेचर आधी बोलून गेलेले असतात. ते वाक्य ऐकताना जरा पुस्तकी वाटतं. इथे त्याची किंमत मोजली जाते. मरणारे आणि मारणारे एकाच देशाचे, बहुधा सारख्याच गावांतले, फरक कपड्याचा. विजयाचं संगीत वाजवण्याची सोय दिग्दर्शकांनी स्वतःसाठी ठेवलेली नाही, आणि पंचविशीच्या आसपासच्या दोन पोरांकडे एवढा संयम असावा याचं मला अजून नवल वाटतं.

या दोघांनी पुढे एकच सिनेमा मिळून केला: १९७५ चा ‘विन्स्टॅन्ली’. १६४९ मध्ये सरे परगण्यातल्या सेंट जॉर्ज टेकडीवर पडीक जमीन सर्वांची मानून ती कसायला घेणाऱ्या ‘डिगर्स’ची ही गोष्ट. जेरार्ड विन्स्टॅन्लीची भूमिका माइल्स हॅलिवेल या शिक्षकाने केली. लॉर्ड फेअरफॅक्स झालेला जेरोम विलिस तेवढा व्यावसायिक नट. या सिनेमाच्या सुरुवातीला यादवी युद्धातली एक लढाई येते. तो काही मिनिटांचा तुकडा वेगळा काढला तर स्वतंत्र लघुपट म्हणून उभा राहील. त्यात लढणारी माणसं ‘सील्ड नॉट’ या संस्थेची. ब्रिगेडियर पीटर यंग यांनी १९६८ मध्ये काढलेली ही संस्था इंग्लंडच्या यादवी युद्धातल्या लढाया त्या काळच्या पोशाखात, त्या काळच्या हत्यारांनी पुन्हा लढते. अंगावरची काही चिलखतं तर लंडन टॉवरच्या संग्रहातून आणलेली, म्हणजे अस्सल सतराव्या शतकातली.

या लढाईत संवाद नाहीत. प्रोकोफिएव्हचं ‘अलेक्झांडर नेव्हस्की’साठीचं संगीत आणि भराभर बदलणारे तुकडे. ब्राउनलोचं मूकपटांचं वेड इथे कामी आलं आहे. हातात माणसं मोजकी असली की कॅमेरा मागे नेता येत नाही. मागे नेला की मोकळं शेत दिसतं. म्हणून तो गर्दीच्या आत शिरतो, आणि प्रेक्षक सैन्याचा आकडा स्वतःच्या मनाने वाढवतो. जत्रेतल्या प्रेक्षकांसाठी जुन्या लढाया लढणाऱ्या अशा हौशी शिपायाला लांबून दिसायची सवय असते, आणि लवकर मरून उरलेली दुपार गवतात पडून काढायला कुणीच राजी नसतो. संकलनाच्या टेबलावर ही अडचण सुटते: ज्याचं मरण पटत नाही त्याचं मरण अर्ध्या सेकंदात आटोपायचं. पण मला या दृश्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते लोखंडाचं वजन. खरं चिलखत घातलेला माणूस खांद्यातून वळतो, दमतो, पाय टाकताना तोल सावरतो. हे कुठलाही दिग्दर्शक शिकवू शकत नाही, वस्तू शिकवते.

याच वर्तुळात पीटर वॉटकिन्स होता. ‘इट हॅपन्ड हिअर’ला त्यानेही हातभार लावला होता. त्याने स्वतः १९५९ मध्ये ‘द डायरी ऑफ ॲन अननोन सोल्जर’ हा पहिल्या महायुद्धावरचा हौशी लघुपट केला, आणि दोन वर्षांनी १९५६ च्या उठावातलं बुडापेस्ट इंग्लंडातल्या कँटरबरीच्या गल्ल्यांत उभं केलं. पुढे ‘कलोडन’मध्ये त्याने इनव्हर्नेस भागातली साधी माणसं घेऊन १७४६ ची लढाई टीव्ही-बातमीसारखी चित्रित केली. त्याच्याविषयी लिहायला वेगळा लेख हवा.

मोलो घराण्याचा एक धागा आपल्या कोल्हापूरपर्यंत येतो. अँड्र्यूचा थोरला भाऊ जॉन मोलो हाही गणवेशांचा अभ्यासक. ‘स्टार वॉर्स’च्या वेशभूषेसाठी त्याला ऑस्कर मिळालं आणि दुसरं मिळालं ‘गांधी’साठी, ते त्याने कोल्हापूरच्या भानू अथैया यांच्याबरोबर वाटून घेतलं. कपड्याकडे पुरावा म्हणून बघणारी ही दोन माणसं एका सिनेमात भेटली याचा मला आनंद होतो. आणि मग आपल्या ऐतिहासिक सिनेमांतले मावळे आठवतात. महिनाभर रानोमाळ हिंडलेल्या शिपायाचा अंगरखा इस्त्री केलेला कसा, पागोट्याला धूळ कशी नाही, हा प्रश्न आपल्याकडे सेटवर कुणी सोळा वर्षांचा पोरगा विचारत असेल तर त्याला बाहेर चहा आणायला पाठवत असावेत. गडांवर मोबाइलने लघुपट काढणाऱ्या आपल्या मुलांकडे मर्दानी खेळातली माणसं आहेत, ज्यांचे हात दांडपट्ट्याला खरोखर सरावलेले आहेत. ड्रोन उडवण्याआधी त्यांनी त्या हातांजवळ कॅमेरा न्यावा.

अँड्र्यू मोलो पुढे दुसऱ्यांच्या चित्रपटांचा लष्करी सल्लागार झाला. २००२ च्या ‘द पियानिस्ट’वरही त्याने काम केलं. त्यात वॉर्सा मुक्त होत असताना श्पिलमन हा लपून राहिलेला ज्यू पियानोवादक बाहेर येतो, आणि आपलेच पोलिश सैनिक त्याच्यावर गोळ्या झाडतात. त्याच्या अंगावर एका जर्मन अधिकाऱ्याने दिलेला कोट असतो. हा कसला कोट घातलास, असं ते दरडावून विचारतात, तेव्हा तो एवढंच सांगतो की थंडी वाजत होती. पॉलिनला कुणी विचारलं असतं तर तिनेही जवळपास हेच उत्तर दिलं असतं, फक्त तिच्या तोंडी ते आपल्याला पटलं नसतं.