पक्ष्यांचा हिशेब आणि बेटांची कोरी पाने

सन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल १३ संस्थांनी मिळून तयार केला आहे. तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर तो उभा आहे. त्यातील पद्धत विद्यार्थ्यांना समजावून देण्याजोगी आहे. येथे पक्ष्यांची शिरगणती नाही. निरीक्षकांच्या दर शंभर याद्यांपैकी किती याद्यांत एखादा पक्षी आढळला, हे प्रमाण वर्षानुवर्षे ताडून पाहिले आहे. म्हणूनच दसऱ्याला आपण आवर्जून पाहतो तो नीलपंख, अजून बऱ्याच ठिकाणी दिसत असूनही, घटतो आहे हे कळू शकले. हे या अहवालाचे मोठे यश होय.

परंतु त्याची मर्यादाही याच पद्धतीत आहे. ९४२ जातींपैकी दीर्घकालीन कल काढता आला तो केवळ ३३८ जातींचा. जिथे निरीक्षक वारंवार जातात, तिथला हिशेब लागतो. दूरच्या बेटांवर मुळात याद्याच थोड्या, आणि तिथल्या कित्येक पक्ष्यांना जगात दुसरे घर नाही.

निकोबार मेगापोडचे उदाहरण घेऊ. हा कोंबडीएवढा पक्षी अंड्यांवर बसत नाही; वाळू व पालापाचोळ्याच्या ढिगात ती पुरतो आणि पाला कुजताना निघणाऱ्या उष्णतेने ती उबतात. हे ढीग बहुधा किनाऱ्यालगत असतात, त्यामुळे मोजता येतात. रवि शंकरन यांनी १९९० च्या दशकात त्यांची पाहणी केली होती. २००४ च्या त्सुनामीनंतर के. शिवकुमार यांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा संख्या सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पहिली पाहणी नसती, तर 'बरीच हानी झाली' यापलीकडे काही म्हणता आले नसते. ग्रेट निकोबारच्या गॅलाथिया खाडीत आता मोठे बंदर योजले आहे. तिथले अभयारण्य २०२१ मध्येच रद्द झाले. अशा ठिकाणी ढिगांची नियमित मोजणी व्हावी आणि अहवालाच्या पुढील आवृत्तीत तिला स्वतंत्र प्रकरण मिळावे, असे आम्हांस वाटते.

आर्वीच्या शिक्षकांना हे दूरचे वाटेल. पण कपाशी-सोयाबीनच्या शिवारात उरलेला पडीक माळ हे चंडोलांचे बेटच आहे. दर महिन्याला त्याच वाटेने, त्याच वेळी पंधरा मिनिटे फिरून दिसलेल्या सर्व जाती लिहाव्यात. यादी पूर्ण असेल, तर न दिसलेल्या पक्ष्याचीही आपोआप नोंद होते. मात्र वही वर्षअखेरीस कपाटात न ठेवता पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी.